डोंगरावर टेप कशी धरावी

टेपमामांनी बाईंचा झरा वखारवाल्याच्या घशात घातला, आणि तोही सही-शिक्क्यानिशी. लाच खाऊन घातला असता तर निदान चार लोकांत हुशार तरी ठरले असते. मामांनी हा उद्योग फुकटात केला.

मामा सरकारी मोजणीदार. मूळ गडी सपाटीवरचा. सव्वीस वर्षं त्यांनी अशा मुलखात जमिनी मोजल्या, जिथे सर्वांत उंच जागा म्हणजे रस्त्यावरचा गतिरोधक. टेप जमिनीवर टाकायची, ताणायची, आकडा वाचायचा, मोकळं व्हायचं. मग बदली झाली ती थेट या जंगलात, जिथे झाडंसुद्धा घसरू नये म्हणून एकमेकांना धरून उभी होती. कचेरीतल्या टेबलाच्या दोन पायांखाली लाकडाच्या चकत्या होत्या, तरी पेन्सिल ठेवली की घरंगळत दाराकडे जायची. मामा ती उचलून आणत आणि म्हणत, "इथे पेन्सिलसुद्धा बदली मागते."

डोंगरावर टेप जमिनीला टेकवायची नसते, हे मामांना परीक्षेपुरतं ठाऊक होतं. नकाशातलं अंतर आडवं असतं. म्हणून थोडं थोडं अंतर घ्यायचं, टेप हवेत पातळीत धरायची, टोकाला ओळंबा सोडायचा, तो टेकेल तिथे खूण करायची आणि तिथून पुढचा टप्पा. शंभर मीटरला पंचवीस वेळा वाकायचं. पहिल्याच मोजणीला शिपाई रजेवर, म्हणून टेपचं दुसरं टोक धरायला मामींचा भाऊ आला, तोही भरपेट जेवून. पाचव्या टप्प्याला तो एका बुंध्याला टेकला.

"दाजी, जमीन काही पळून जात नाही. टाका टेप सरळ चढावर."

"नियम आहे रे."

"नियम करणारा इथे चढून आला होता का?"

मामांनाही धाप लागलीच होती. टाकली टेप चढावर. खालचा तुकडा बाईंचा, त्याला लागून वरचा वखारवाल्याचा. दोन्ही एका दमात मोजून हद्दीचे दगड रोवले आणि जीपमध्ये बसून घरी आले.

बाई म्हणजे निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका. जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला, चाळीस वर्षं सामाईक नळावर बादलीचा नंबर लावण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी काठी घेतली आणि दोन वर्षं हा डोंगर पालथा घातला. दलाल दाखवील ती जागा त्यांना नकोच होती. एक दिवस एका खडकाच्या कुशीत मनगटाएवढी पाण्याची धार दिसली. बाई ओंजळभर पाणी प्यायल्या, बूट काढून त्यांनी पाय धुतले आणि दुसऱ्या दिवशी ती जमीन घेतली. घर बांधायचं ते त्या धारेखालीच. नकाशात झरा त्यांच्या हद्दीत चांगला आत होता. मामांचा दगड मात्र झऱ्याच्या तीन पावलं खाली बसला.

वखारवाला तसा माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत. "बाई, पाणी न्या की, मी कधी नाही म्हटलंय? फक्त सातनंतर या, आधी माझ्या माणसांचं होऊ द्या."

म्हणजे पुन्हा नंबर. बाई काठी आपटत थेट कचेरीत आल्या.

"मोजणीदार, टेप कशी धरली होती?"

"नेहमीसारखीच, बाई."

"बसा. काटकोन त्रिकोण काढा."

मामांनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी, साहेबाच्या खुर्चीत बसून, त्रिकोण काढला.

"आता सांग, कर्ण मोठा की पाया?"

बाई 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आल्या ते मामांना कळलंही नाही, पण त्रिकोणाकडे पाहता पाहता त्यांचे कान लाल झाले. चढावर मोजलेले शंभर मीटर नकाशात जेमतेम सत्त्याऐंशी भरत होते. नकाशातले शंभर भरायला चढावर एकशे पंधरा लागत होते. दगड पंधरा मीटर खाली बसला होता आणि तेवढ्यात झरा निसटला होता.

फेरमोजणीला शेजाऱ्याची लेखी संमती लागते. ती नसेल तर प्रकरण वर जातं, आणि वर गेलेलं प्रकरण खाली येईपर्यंत बाईंचं वय पुरलं नसतं. मामा वखारीत गेले. करवतीच्या आवाजात आणि भुशाच्या धुरळ्यात त्यांनी सगळं खरं सांगितलं.

"म्हणजे माझे पंधरा मीटर जाणार?" वखारवाला म्हणाला. "मामा, तुमच्या चुकीला मी का सही करू?"

मामा रात्रभर नाही, पण दुपारभर तरी विचार करत राहिले. मग टेपचं दुसरं टोक मेहुण्याच्याच हातात देऊन वखारवाल्याच्या वरच्या हद्दीपासून थेट जंगल खात्याच्या जुन्या दगडापर्यंत चढले. नकाशात या दोहोंत बोटभरही फट नव्हती. प्रत्यक्षात तीस मीटरची पट्टी मोकळी पडली होती, आणि तिच्यात एक सपाट माळ, जिथून सगळी दरी दिसत होती. मामा तिथे बसून हसले. मेहुण्याला वाटलं, दाजींना विरळ हवा लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वखारवाल्याला त्या माळावर आणून बसवलं.

"झकास जागा आहे. कोणाची?" त्याने विचारलं.

"कागदावर तुमची, दगडावर कोणाचीच नाही. टेप चढावर टाकून मी बाईंना एकदा चुकवलं, तुम्हाला दोनदा. खालचे पंधरा सोडा, वरचे तीस घ्या."

वखारवाल्याने दरीकडे पाहिलं. त्याची बायको वर्षभर ऐकवत होती, की घेतलेल्या जमिनीत चटई टाकायला सपाटी नाही, चहा प्यायचा तर कप एका हाताने आणि झाड दुसऱ्या हाताने धरावं लागतं.

"सही करतो. पण एक अट. मोजणीला मी स्वतः उभा होतो, असं हिला छाती काढून सांगून बसलोय. तुम्ही घरी यायचं आणि चूक तुमची, माझी नाही, हे तिच्या तोंडावर सांगायचं."

"येतो की."

"या रविवारी?"

"या रविवारी."

सही झाली. पुढच्या आठवड्यात मामांनी टेप हवेत धरून, ओळंबा सोडत, दर शंभर मीटरला पंचवीसदा वाकत डोंगर मोजला. खाली मेहुणा हाशहुश करत होता आणि बाई प्रत्येक टप्पा मोठ्याने मोजत होत्या. दगड झऱ्याच्या वर बसला. बाईंनी त्याच दिवशी धारेखाली बादली लावली, शेजारी खुर्ची टाकली आणि बादली भरून वाहू लागली तरी उचलली नाही.

मामा आता बदली मागत नाहीत. वखारीवरून जाताना मात्र जीपचा वेग वाढवतात. वखारवाल्याची बायको जिभेने फळी कापते, असं गावात म्हणतात. परवा वखारवाल्याने जीपसमोर हात आडवा घातला.

"मामा, अकरा रविवार झाले."

"या रविवारी नक्की," मामा म्हणाले आणि गिअर टाकला.