नर्सरीची माती

बीकॉमच्या मुलांना पृथ्वी आणि जीवसृष्टी हा पेपर शिकवून मी अगदी टेकीला आले होते. विषय भूगर्भाचाही, जीवशास्त्राचाही. म्हणजे पोरांच्या लेखी कशाचाच नाही. भंवरकुआं भागातल्या कोचिंग क्लासला पळायची घाई, त्यांना फक्त महत्त्वाचे प्रश्न हवेत. शेवटी प्राचार्यांनी सुनावलं, "मैडम, शुक्रवार को मैं खुद बैठूँगा. बच्चे कुछ सीखे हों तो ठीक, नहीं तो अगले साल से पेपर बंद." पेपर बंद म्हणजे माझी नोकरीही बंद, मला घेतलं होतं ते त्या एकाच पेपरासाठी.

माझी सगळी भिस्त मातीवर होती. लाव्ह्याचा दगड झिजला, मुळांनी, किड्यांनी, बुरशीनं तो पोखरला, तेव्हा कुठे माळव्याची काळी माती झाली. हे डोळ्यांना दिसलं तर कंटाळा येईलच कसा? प्रत्येकाला घराजवळची मूठभर माती आणायला सांगितलं. गाळणीत माती घालून वर दिवा लावला की उष्णतेनं त्यातले बारीक जीव खाली सरकतात आणि कागदावर पडतात.

शुक्रवारी झाडून सगळ्यांनी माती आणली. वर्षात पहिल्यांदाच. मला भरूनच आलं. मग पाहिलं, तर सगळ्या पिशव्या एकसारख्या.

"कुठून आणली रे ही?"

"नर्सरीतून, मॅडमजी," राजेंद्र नगरची एक मुलगी म्हणाली. "आमचं अंगण तर पूरं पेव्हरचं झालंय. मग सगळ्यांनी मिळून एकदम बढिया वाली घेतली. नर्सरीवाल्या भियाने गॅरंटी दिली, एक पण कीडा नाही निघणार."

प्राचार्य मागच्या बाकावर येऊन बसलेही होते. मी दिवा लावला. गाळणीत नुसता नारळाचा भुसा आणि औषध मारलेलं खत. तास संपत आला तरी कागद कोराच. मी लाव्ह्याबद्दल, मुळांबद्दल काहीबाही बोलत सुटले. कुणी ऐकत नव्हतं. हे शेवटचं, सगळं संपलं, एवढंच डोक्यात होतं.

प्राचार्यांनी त्याच मुलीला उठवलं. "बेटा, आज क्या सीखा?"

"सर, अच्छी मिट्टी में कीड़े नहीं होते."

"बहुत बढ़िया! मैडम, पेपर चालू रखिए."

पोरीनं हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, बरोबर ना, असं. मी मान डोलावली.