प्लगवरचा लाल ठिपका

निम्मे कपडे दोरीवर घातले, पण लक्ष सगळं अंगणातल्या मिस्त्रींकडे. आमचं गवत कापायचं मशीन तेच बघतात. तेल बदलतात, फिल्टर झटकतात आणि दर वेळी गोड आवाजात सांगतात, "वहिनी, स्पार्क प्लग नवा टाकला." त्या गोडव्यानेच मला शंका आली. प्रार्थनामंदिराच्या हिरवळीवरच्या मशीनचं कामही त्यांना माझ्याच शब्दावर मिळालंय. म्हणून आज सकाळीच जुन्या प्लगच्या पांढऱ्या भागावर नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि नवा प्लग त्यांच्या हातात दिला.

"झालं, वहिनी. नवा प्लग बसला."

मी प्लगवरची टोपी ओढली. ठिपका जागच्या जागी.

"भाऊ, नव्याला हा टिळा कोणी लावला?"

ते ओशाळले. "जुना चांगला होता, फक्त टोक घासून लख्ख केलं. पण नवा टाकला म्हटल्याशिवाय लोकांना काम झाल्यासारखं वाटत नाही."

"मग मी दिलेला कुठाय?"

"पिशवीत. पुढच्या वेळी लागेल."

"कोणाच्या घरी?"

ते फडक्याने एकच बोट पुसत राहिले.

देवा, माझा संशय खोटा ठरू दे. कपडे बादलीतच राहू देत, आधी प्रार्थनामंदिरातल्या मशीनचा प्लग बघून येते.