माझ्या आवाजातली मुलगी

नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, स्मरणशक्ती गेली तेव्हा नल्लकुंट्याच्या घरात आम्ही दोघंच उरलो होतो. कोर्टात उर्दू, तेलुगू, मराठी एका दमात बोलणारा हा वकील आता दिवसभर एकच विचारायचा, "तुझी आई कुठे गेली?" आई वारल्याचं सांगितलं की ते दर वेळी नव्यानं रडायचे. म्हणून मी म्हणायची, "चिक्कडपल्लीला, भाजी आणायला. येईल आता." थोड्या वेळानं पुन्हा तेच. संध्याकाळी माझ्यात चिडायचंही त्राण नसायचं.

धाकटा भाऊ गच्चीबावलीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं माझं बोलणं रेकॉर्ड करून नेलं आणि एक छोटा स्पीकर आणून नानांच्या उशाशी ठेवला. नानांनी काही विचारलं की तो माझ्याच आवाजात उत्तर द्यायचा, न थकता, न वैतागता.

"ताई, आता जरा पड तू," भाऊ म्हणाला. त्या दुपारी मी मेल्यासारखी झोपले.

पुढे एका सकाळी उपमा घेऊन गेले, तर नाना सावरून बसले. "तुम्ही कोण?"

"नाना, मी. तुमची मुलगी."

"मुलगी इथंच आहे की. आत्ता बोलली माझ्याशी. तुम्ही नवीन आलात का कामाला?"

मी स्पीकर बंद केला. नाना अस्वस्थ झाले, उठले, घरभर मला शोधू लागले. मी समोर उभी होते आणि ते मला बाजूला सारून मलाच हाका मारत होते. जिन्यावरून पडतील या भीतीनं मी स्पीकर पुन्हा लावला. "इथंच आहे, नाना," स्पीकरमधली मुलगी म्हणाली. ते शांत झाले.

तेव्हापासून मी बाई झाले. भावाला सांगून मी तिच्या तोंडी एक वाक्य घालून घेतलं, "त्या बाई देतील ते जेवून घ्या, नाना." ते निमूट जेवू लागले. वाईट वाटायचं, पण काम हलकं झालं होतं, हेही खरं.

एका दुपारी त्यांची नखं कापत होते. नाना एकदम म्हणाले, "माझी लेक हुशार हो. तिला वकील व्हायचं होतं. मीच नक्को म्हटलं."

या विषयावर ते माझ्याशी कधी अक्षर बोलले नव्हते.

"का नको म्हटलंत?"

"कोर्टात बायकांना कसं बोलतात, रोज ऐकत होतो ना. भ्यालो. चुकलंच माझं."

"तिला सांगितलंत कधी?"

"काय तोंडानं सांगू? तुम्हीपण बोलू नका हां तिच्याजवळ."

"नाही बोलत," मी म्हणाले.

त्यांनी दुसरा हात पुढे केला.

स्पीकर अजून आहे. सकाळी उठून मीच तो लावते आणि चहा घेऊन आत जाते. नाना म्हणतात, "या बाई, बसा."