गाईचा गोळा

कुत्रीचे दात माझ्या तळहातात रुतले होते आणि मी तो हात तिच्या तोंडातून काढत नव्हते. दुसऱ्या हाताने मिठाचं पाणी ओतत होते. तिचे चारही पाय ताठ झाले होते. डोकं फरशीवर आपटत होतं. फेसात माझं रक्त मिसळून खाली गळत होतं. पोट दगडासारखं कडक लागत होतं आणि त्या पोटात पिल्लं होती. घरात उंदराचं औषध मीच ठेवलं होतं.

सून दारात आली. कुत्री तिची, जवळच्या रिसाली वस्तीतल्या रस्त्यावरून पिल्लू असताना उचलून आणलेली.

"आई, काय देल्लं तुमी इले?"

"उंदराचं औषध. गाडी काढ. मंग बोल."

औषध घरात आणू नका, असं तिने मला दोनदा सांगितलं होतं. तरी मी आणलं. उंदरांनी गॅसची नळी कुरतडली होती. सकाळी काडी ओढायच्या आधी मला वास आला, म्हणून घर उडालं नाही. कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरच्या क्वार्टरमागे नाली आहे. तिथून उंदीर मोरीत येतात आणि मोरीतून सैपाकघरात.

औषध कणकेत कालवून मी गोळा केला आणि तांदळाच्या पोत्यामागे ठेवला. कुत्री तो खाईल असं मला वाटलं नाही. ओट्यावर मटण उघडं असलं तरी ती दिल्याशिवाय तोंड लावत नसे. पण कणीक मळली की पहिला गोळा मी गाईचा काढते. भंडाऱ्याकडे माझी आई काढायची. इथे गाय रोज दारात येत नाही. आली नाही की तो गोळा कुत्रीला. कच्च्या कणकेचा गोळा तिचाच, हे चार वर्षं मीच तिला शिकवलं होतं.

सुनेने स्कूटर चालवली. मी मागे, मांडीवर चादरीत गुंडाळलेली कुत्री. गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरने नळी घालून तिचं पोट धुतलं आणि मला झापलं. अशा वेळी मिठाचं पाणी पाजून जनावर मरतं, काही न पाजता सरळ आणायचं, म्हणाला. माझ्या हाताला सहा टाके पडले.

कुत्री वाचून घरी आली, पण तीन दिवस सुनेने तिला माझ्या हातचं काही खाऊ दिलं नाही. उरलेलं औषध मी खोल खड्ड्यात पुरलं. मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवली. भिंतीतली भोकं काचेचे तुकडे घातलेल्या सिमेंटने बुजवली. तांदूळ झाकणाच्या पिंपात गेले. आता आतल्या उंदरांना बाहेर जायला वाट नव्हती. कुत्री मागच्या खोलीत बंद केली, सैपाकघराचं दार लावलं आणि कपडे धुवायची मोगरी घेतली.

एकेकाला कोपऱ्यात गाठून ठेचलं. भिंतीवर रक्त उडालं. एक लुगड्यात शिरला. त्याला मी मांडीवरच दाबून धरलं, तो चावत राहिला, मी त्याची मान मोडली.

सून दार उघडून पाहत होती. "असं कावून मारून राहिल्या? पिंजरा लावा ना."

"पिंजऱ्यातले कुठं सोडशील? शेजारणीच्या घरी?"

तिने कोपऱ्यातला दांडा उचलला, दाराची फट पायाने अडवली आणि म्हणाली, "पिंपामागे एक आहे." तो तिने मारला. फरशी दोघींनी धुतली.

गाईला आता मी भाजलेली पोळी देते.

पुढल्या आठवड्यात कुत्री व्याली. चार पिल्लं झाली, तीन मेलेलीच बाहेर आली. कुत्री जगली आणि एक पिल्लू जगलं.