हौश्याचं दावं

भूतबित मी कधी मानलं नाही. घरात कुणी अंगारा आणला तरी चिडायचो. हे लिहायला उशीर झाला तो त्यामुळेच... आणि यात माझी बाजू चांगली नाही, म्हणूनही.

आमचं गाव नगरला चिकटून, मनमाड रस्त्यावर. मंगळवारी इथं जनावरांचा बाजार भरायचा. गाव शहरात गेलं, बाजार मोडला. त्या बाजारतळावरच्या सोसायटीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. वडील – तात्या – बैलांचे व्यापारी. आता त्यांना सुनेचं नावही आठवत नाही, पण मंगळवार बरोबर कळतो. सकाळीच पटका बांधून पार्किंगमध्ये जाऊन उभे राहायचे.

"काय तात्या, बैल कितीला?" वॉचमन डिवचायचा.

"इकायचा न्हाई. राखाय थांबलोय."

हौश्या, आमचा शेवटचा बैल. बाजार मोडला तेव्हा तोही विकला. आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, ते घरात ठेवतात. तात्यांनी जपलेलं ते घायपाताच्या वाखाचं दावं फ्लॅटमध्ये येताना मी कचऱ्यात टाकलं. माळ्यावर आहे, असं खोटं सांगितलं.

मग कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर तात्यांचा फोटो टाकला. खाली हसण्याच्या इमोजींची रांग. मला लाज वाटली... तात्यांचीच. पुढच्या मंगळवारी बायको माहेरी होती. मी बाहेरून कुलूप लावून कामावर निघालो.

आतून आवाज आला, "सुरेश, उघड रं. हौश्या एकटा हाय खाली."

मी जिना उतरलो.

संध्याकाळी आलो. कुलूप जसंच्या तसं, किल्ली माझ्याच खिशात. तात्या खुर्चीत बसलेले, दोन्ही तळहात सोलवटलेले – जनावर उधळलं की हातातून दावं सरकतं ना, तसे. जखमेत घायपाताचे तंतू.

"लई वढलं त्यानं. धरवंना मला... तू असतास तर धरला असता."

सगळं घर पालथं घातलं. दोरीचा तुकडासुद्धा नाही. गॅलरीची जाळी शाबूत. डॉक्टर म्हणाले, कशानं तरी घासलंय. कशानं, ते मला आजही सांगता येत नाही.

आता मंगळवारी मी सुट्टी घेतो, दार सताड उघडं ठेवतो. पटका हातात देऊन म्हणतो, "चला तात्या, खाली जाऊ."

"आता काय हाय खाली?" म्हणतात, आणि भिंतीकडं तोंड करतात.

मग मी एकटाच जाऊन त्यांच्या जागेवर उभा राहतो. वॉचमन आता काही विचारत नाही. हात नुसते लोंबत असतात... काय धरायचं, कळत नाही.