सहा दिवसांची नोटीस

आल्डन मेरिथ्यू दोन वेळा आमदार झाला, पण डनफर्डमध्ये त्याला आमदारसाहेब असं कुणी कधी म्हटलं नाही. त्याचं नाव पडलं 'सातदिवस्या'. राजधानीत जाऊन त्याने एकच काम धड केलं होतं: गावसभेची नोटीस सभेच्या आधी पुरते सात दिवस फळ्यावर लागलीच पाहिजे, नाहीतर सभा रद्द. शेजारच्या गावात बटाट्याच्या काढणीला सगळे शेतात असताना पंचांनी आदल्या संध्याकाळी नोटीस चिकटवली आणि गावाचं रान विकून टाकलं, त्याचा हा राग होता. कायद्यातल्या त्या एका वाक्यापायी त्याने दोन्ही मुदती घालवल्या. तिसऱ्यांदा लोकांनी त्याला पाडलं.

मग वकिली धरली, तीही कोरडी. घटस्फोट नकोत, फौजदारी नको. आजूबाजूच्या सात गावांची कामं तेवढी घ्यायचा. कुणाचं कुंपण रस्त्यात किती आलंय, कुणाच्या डुकरांचा वास कुठवर जातोय, हे मिटवायचं. पाण्याच्या कंपनीने दर चढवले की नियामक आयोगापुढे उभं राहून दोन दोन दिवस पाइपांची वयं वाचून दाखवायची. आयोगाची माणसं जांभया देत, हा पठ्ठ्या वाचतच राही. अशी चाळीस वर्षं गेली आणि केस पांढरे झाले.

आणि मग तो मार्च आला. जिल्ह्याच्या शिक्षण मंडळाने डनफर्डची शाळा बंद करून पोरांना तासभर लांबच्या शाळेत बसने पाठवायचं ठरवलं होतं. गावाने सभा घेतली आणि मंडळातून फुटून आपली शाळा आपणच चालवायची, असा ठराव एकसष्ट विरुद्ध अठ्ठावन्न मतांनी केला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. आता एकच कागद उरला होता: सभा कायदेशीर झाली, असा गावाच्या वकिलाचा दाखला.

आल्डनने सहीसाठी पेन उघडलं आणि सवयीने नोटीस उलटून पाहिली. नोटीस कधी लावली ते मागे लिहायची पद्धत. ओलिव्ह पेल्कीच्या, म्हणजे गावाच्या कारकून बाईंच्या, गोल अक्षरात लिहिलं होतं: शुक्रवार, सहा मार्च. सभा तेरा तारखेची, म्हणजे बरोबर सात दिवस. पण त्या शुक्रवारी संध्याकाळी आल्डन दुकानाच्या ओसरीवर कॉफी पीत नोटिसांच्या त्याच फळ्यापुढे उभा होता. फळ्यावर हरवलेल्या कुत्र्याचा फोटो होता. नोटीस नव्हती.

सही केली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. दोन दिवस तो कागद टेबलावर पडून राहिला आणि आल्डनला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तो ओलिव्हच्या कचेरीत गेला. दोघं त्याच शाळेत एका बाकावर बसलेले. तिच्यापुढे त्याची वकिली चालत नसे.

"नोटीस कधी लावलीस गं?"

ओलिव्हने चष्मा काढला. "शनिवारी सकाळी. शुक्रवारची तारीख गुरुवारीच घालून ठेवली होती, एकतीस वर्षांची सवय. ती तशीच राहिली."

"शुक्रवारी व्हर्न गेला," आल्डन म्हणाला. व्हर्न तिचा नवरा. त्याच्या शवपेटीला आल्डननेही खांदा दिला होता.

"हो. शुक्रवारी." तिने चष्मा परत चढवला. "माझी नात दुसरीत आहे, आल्डन. बसमध्ये तिला उलट्या होतात."

"माहीत आहे मला."

"मग तुझं तू बघ. मी खोटं सांगणार नाही, आणि तुला सही कर असंही म्हणणार नाही."

त्याने सही केली नाही.

सभा पुन्हा बोलवावी लागली. नोटीस या वेळी दहा दिवस आधी लागली, आणि त्या दहा दिवसांत रॉइस फॉग दारोदार फिरला. तळ्याकाठच्या त्याच्या चार लाकडी खोल्या सुट्टीवाल्यांना भाड्याने जायच्या, आणि शाळा ठेवली तर कर वाढेल, या भीतीने त्याची झोप उडाली होती. सभेत फॉगने विचारलंच, "अहो वकीलसाहेब, पहिली सभा बुडवली कुणी?"

"मी," आल्डन म्हणाला. "दिवस मोजायला चुकलो."

"तो चुकला नाही," ओलिव्ह मागून उठून म्हणाली. "मी उशिरा लावली. तुला काय बोलायचंय ते मला बोल, रॉइस."

फॉग खाली बसला, पण मतं त्याला मिळाली. छप्पन्न विरुद्ध त्रेसष्ट. ओलिव्हनेच आकडे वाचले, तिचं कामच ते. नातीच्या वर्गातल्या पोरांच्या आया रडत कोट चढवू लागल्या. आल्डनच्या शेजारून जाताना कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

सभा भरली होती ती शाळेची व्यायामशाळा रिकामी झाल्यावर दोघं खुर्च्या मिटत राहिले.

"एक सांगायचं राहिलंय," ओलिव्ह म्हणाली. "त्या शुक्रवारी दुपारी मी व्हर्नजवळ होते. नर्स म्हणाली, रविवारपर्यंत तरी दिवस काढतील. मग मला नोटीस आठवली. म्हटलं, आल्डनचे सात दिवस भरायला हवेत. व्हर्नने विचारलं, कुठे निघालीस? म्हटलं, गावाचं काम आहे, आलेच. पुलापर्यंत पोचले आणि वाटलं, नको जायला. गाडी वळवली. खोलीत शिरले तर तोंडावर चादर ओढलेली. फळ्यापर्यंतही गेले नाही मी, आणि त्याच्यापाशीही नव्हते."

आल्डनच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. लोकांना घरून सभेला यायला वेळ मिळावा, एवढ्यासाठी त्याने ते वाक्य लिहिलं होतं. त्या वाक्याने एक बाई मरणाऱ्या नवऱ्याजवळून उठवली होती.

"त्या दिवशी कचेरीत का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू सही केली असतीस."

आल्डन खुर्ची मिटू लागला.

"केली असतीस ना?"

"हो," आल्डन म्हणाला, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून तिथेच खाली बसला. ओलिव्हने त्याच्या हातातून निसटलेली खुर्ची उचलली, मिटली आणि बाकीच्यांत नेऊन ठेवली.