सड्यावरची पदवी

दीक्षाची पदवी सड्यावर झाली. कॉलेजात नव्हे, घरात नव्हे, सड्यावर. वाडीत मोबाइलला रेंज येईल तर शपथ! वर कातळाच्या माळावर, पाण्याच्या टाकीपाशी तेवढी ती यायची. दिवसभर हातखंबा तिठ्यावरच्या हॉटेलात गल्ल्यावर बसायचं आणि उन्हं कलली की टाकीजवळच्या काजूखाली एका चिऱ्यावर टेकून मोबाइलवर तास बघायचे. पावसात एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाइल. तीन वर्षं पोरीनं हे केलं. हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं, पण आधी तिथं एक पावसाळा बसून दाखवावा.

हे वेड गावात आणलं नितेशनं. नितेश म्हणजे वाडीच्या मंडळाच्या मुंबई शाखेचा चिटणीस. तिकडे ऑफिसात नोकरी करता करता त्यानं अशीच ऑनलाइन डिग्री घेतली आणि साहेबानं त्याला वरच्या जागेवर बसवलं. त्यात खोटं काही नाही. "दीक्षा, तूपण कर गो. कॉम्प्युटरची कर, गल्ल्यावरून सुटशील," तो म्हणाला. माणूस मनाचा चांगला. पण त्याच्या टेबलावर आधीपासून कॉम्प्युटर होता, हे सांगायचं त्याला सुचलं नाही आणि विचारायचं हिला सुचलं नाही.

आणि मग व्हायचं तेच झालं. कॉम्प्युटरची अख्खी पदवी तिनं मोबाइलवर केली. परीक्षासुद्धा बरोबर उत्तरावर बोट टेकवून. तरी पहिला वर्ग आला हो! बाप महेंद्र, एसटीत शिपाई म्हणून उभा जन्म काढलेला माणूस, पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारोदार फिरला.

एमआयडीसीतल्या आंब्याच्या रसाच्या कारखान्यात ऑफिसला मुलगी हवी होती. दीक्षा ठेवणीतला ड्रेस घालून गेली. साहेबांनी पदवी बघितली, "छान" म्हणाले. पदवीला कुणी नावं ठेवली नाहीत. "इथं बसा आणि एवढं एक बिल करून दाखवा," म्हणाले. बिल कसं करतात ते तिला तोंडपाठ होतं. तिनं बोट उचललं आणि समोरच्या पडद्यावर टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं, जरा जोरात. शेजारच्या टेबलावरची मुलगी घाईघाईनं मान खाली घालून आपल्या कामाला लागली.

"मॅडम, तो टचचा नाही," साहेब हळू आवाजात म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग तिनं माऊस धरला, पण बाण पडद्यावर भलतीकडेच पळायला लागला. एकेक अक्षर शोधताना तिचे कान तापले. जागच्या जागी मरून जावंसं वाटलं तिला.

घरी येऊन ती म्हणाली, "कळवतो म्हणालेत."

"कळवतील. न कळवून जातात कुठे?" महेंद्र म्हणाला आणि मुंबईला नितेशला फोन लावायला सड्यावर गेला.

मे महिन्यात मुंबईकर आले की वाडीत बुद्ध-भीम संयुक्त जयंती होते. विहारापुढे मांडव पडला. शिकलेल्या पोरांचा गुणगौरव हा त्यातला मोठा मान. दीक्षाला शाल मिळाली, शिल्ड मिळाली, स्टॉपवर तिच्या फोटोचा बॅनर लागला. एवढ्यात शेजारघरचा सुजय उठला.

"माझ्या सानवीला चिपळूणच्या कॉलेजात, मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली होती. पण दीक्षाचं बघून आम्ही ठरवलं. पोर लांब कशाला धाडायची? सानवीपण घरूनच डिग्री करणार!"

टाळ्यांनी मांडव दणाणला. नितेशनं दीक्षाच्या हातात माईक दिला. "सानवीला दोन शब्द सांग गो."

तिला सगळं सांगायचं होतं. सानवी, जा तू चिपळूणला, तिथं हात लावायला कॉम्प्युटर आहे. तोंडापर्यंत आलं होतं. पण पुढच्याच रांगेत महेंद्र पांढऱ्या शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. कशी सांगणार?

"सानवी, मन लावून अभ्यास कर. जय भीम," ती म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतर तिला घास गोड लागेना. शेवटी आठवड्याभरानं ती सुजयच्या पडवीत गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. पडद्यावर टेकवलेलं बोटसुद्धा लपवलं नाही.

सुजय तडकलाच. "वा गो वा! स्वतः शिल्ड घेऊन बसलीस आणि आता माझी पोर पुढं जायला लागली तर डोळ्यांत खुपतंय होय?"

"तसं नाही हो काका. आजच कॉलेजात फोन करा. पाया पडते तुमच्या."

सुजयची बायको विमला चुलीपासून उठून आली. तिचा मात्र विश्वास बसला होता, चेहऱ्यावरच दिसत होतं. "काल केला होता फोन यांनी, जागा सोडली म्हणून सांगायला," ती म्हणाली. "ते म्हणाले, बरं झालं, दारात दुसरी मुलगी उभीच आहे."

दीक्षा पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरायला लागली, तशी सानवी मागून आली. इतका वेळ पोर दाराआड उभी होती.

"ताई, हे सगळं खरं आहे?"

"खरं गो बाय. शपथ."

सानवी आणखी एक पायरी खाली आली. रागावली नव्हती, नुसतं विचारत होती.

"मग त्या दिवशी माईक तुझ्याच हातात होता ना?"